क्रोम अपडेट झाल्यापासून अंगठ्याचं मशीन पोर्टलला सापडेना. जुन्या कॉम्प्युटरांचाही प्रश्न आहे

तासगाव_ऑनलाइन (प्रश्न)

नमस्कार मंडळी. तासगावात ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स आणि आधारवरून पैसे काढून देण्याचं केंद्र चालवते. तीन कॉम्प्युटर आहेत आणि तिन्हींची दुखणी वेगळी आहेत, तरी एकाच धाग्यात लिहिते.

पहिला काउंटरवरचा. विंडोज ११, ८ जीबी रॅम, क्रोम आपोआप अपडेट होतो. अंगठ्याचं मशीन लावलं की दिवा लागतो, मशीनसोबत आलेल्या टेस्ट सॉफ्टवेअरमध्ये ठसा स्वच्छ येतो. पण बँक मित्राच्या (गावात बँकेचे व्यवहार करून देणाऱ्या प्रतिनिधीच्या) पोर्टलवर 'कॅप्चर' दाबलं की नुसतं चक्र फिरतं आणि शेवटी 'आरडी सर्व्हिस नॉट फाउंड' असा निरोप येतो (आरडी सर्व्हिस म्हणजे मशीन आणि पोर्टल यांना जोडणारं सॉफ्टवेअर). आरडी सर्व्हिस काढून पुन्हा टाकली, यूएसबी पोर्ट बदलला, अँटिव्हायरस बंद करून पाहिला. काही उपयोग नाही. आणि तेच मशीन, तेच पोर्टल शेजारच्या विंडोज ७ वर बिनतक्रार चालतं! म्हणजे मशीन खराब नाही एवढं नक्की.

दुसरा हाच विंडोज ७ वाला. ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. काही सरकारी साइटवर बटणंच दिसत नाहीत, पान अर्धवट उघडतं. रात्री लाइट गेलेली असली की सकाळी प्रत्येक साइटवर 'तुमचं कनेक्शन खाजगी नाही' असं येतं.

तिसरा गिऱ्हाइकांनी स्वतः वापरायचा, विंडोज १०. त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन होतं, ते क्रोमने बंद केलं. आता लोक फॉर्मऐवजी जाहिरातीतल्या हिरव्या 'डाउनलोड' बटणावर क्लिक करतात. जीमेल तसंच उघडं ठेवून जातात. आणि हल्ली लॉगिन करताना क्यूआर कोड येतो, तो फोनने स्कॅन केला तरी पुढे काही होत नाही.

हयातीच्या दाखल्याला आणि पैसे काढायला म्हातारी माणसं लांबच्या वाडीवरून येतात, त्यांना परत पाठवणं बरोबर वाटत नाही. आधी अंगठ्याचं सांगा, बाकीचं सवडीने.

---

कराड_कोड

ताई, विंडोज ७ वर चालतं आणि ११ वर नाही, या एका वाक्यात उत्तर आलं. तिथला क्रोम १०९ आहे. तुमच्या काउंटरवरचा १४२ किंवा त्याच्या पुढचा असणार. क्रोम १४२ ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस आला आणि त्यात 'लोकल नेटवर्क अॅक्सेस' नावाची नवी परवानगी आली. तुमचं दुखणं बहुतेक तिथेच आहे.

आतून काय चालतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी कुठे बघायचं ते कळेल. अंगठ्याचं मशीन थेट पोर्टलशी बोलत नाही. आरडी सर्व्हिस हा तुमच्याच कॉम्प्युटरवर चालणारा एक छोटा सर्व्हर आहे. त्याचा पत्ता १२७.०.०.१, म्हणजे 'हेच मशीन', आणि पोर्ट (यूएसबीचं भोक नव्हे, त्या पत्त्यावरच्या दाराचा नंबर) ११,१०० ते ११,१२० यांपैकी एखादा. आधार प्राधिकरणाच्या नियमानुसार पोर्टलचं पान या पोर्टांवर एकेक करून 'कुणी आहे का' असं विचारत जातं. ज्या पोर्टवरून उत्तर येतं तिथे यंत्राची माहिती मागतं, मग ठसा मागतं. तुमचं जे चक्र फिरतं ते हे पोर्ट ठोठावणं.

आता नवा नियम असा की, इंटरनेटवरच्या पानाला तुमच्या मशीनच्या आतल्या पत्त्याशी किंवा घरातल्या राउटर-प्रिंटरच्या पत्त्याशी बोलायचं असेल, तर क्रोम आधी तुम्हाला विचारतो. अॅड्रेस बारखाली छोटी चौकट येते: ही साइट तुमच्या लोकल नेटवर्कवरची उपकरणं शोधून त्यांना जोडू पाहते आहे, अलाउ की ब्लॉक? 'नोटिफिकेशन पाठवू का' विचारणाऱ्या चौकटीसारखीच ती दिसते. ती चौकट डोळे झाकून ब्लॉक करायची सवय आपल्या सगळ्यांच्या हाताला लागलेली आहे, आणि एरवी ती चांगलीच सवय आहे. पण इथे एकदा ब्लॉक झालं की क्रोम ते लक्षात ठेवतो, पुन्हा विचारत नाही. पोर्टलला एकाही पोर्टवरून उत्तर मिळत नाही आणि ते बिचारं 'सर्व्हिस सापडली नाही' एवढंच सांगू शकतं.

उपाय: पोर्टल उघडा. पत्त्याच्या डावीकडे दोन आडव्या रेघांचं, सरकपट्टीसारखं चिन्ह आहे, त्यावर क्लिक करून 'साइट सेटिंग्ज' मध्ये जा. यादीत 'लोकल नेटवर्क अॅक्सेस' शोधा आणि 'अलाउ' करा. काही नव्या आवृत्त्यांत नाव थोडं वेगळं दिसेल किंवा स्वतःच्या मशीनसाठी आणि नेटवर्कसाठी दोन वेगळ्या ओळी असतील. तसं असेल तर आरडी सर्व्हिससाठी स्वतःच्या मशीनची ओळ महत्त्वाची. मग पान रिलोड करा, पोर्टलमधून बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा, आणि मगच कॅप्चर दाबा. इन्कॉग्निटो किंवा गेस्ट खिडकीत काम करू नका. तिथे परवानगी टिकत नाही, दर वेळी विचारलं जाईल आणि घाईत पुन्हा ब्लॉक दाबलं जाईल.

हे करूनही नाही झालं, तर सर्व्हिस खरंच चालू आहे का ते ब्राउझरला बाजूला ठेवून तपासा. कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'नेटस्टॅट' लिहा, एक जागा सोडा, 'उणे' चिन्ह आणि त्याला जोडून ए, एन, ओ ही इंग्रजी अक्षरं लिहा, एंटर. येणाऱ्या यादीत १२७.०.०.१ किंवा ०.०.०.० समोर १११०० च्या आसपासचा आकडा आणि 'लिसनिंग' दिसायला हवं. दिसत नसेल तर ब्राउझरचा दोष नाही. विंडोजच्या सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन आरडी सर्व्हिस 'रीस्टार्ट' करा आणि तिचा 'स्टार्टअप टाइप' ऑटोमॅटिक आहे का बघा.

आणखी एक गोष्ट हमखास गोंधळ घालते. जुनं यंत्र बदलून नवं घेतलं, पण जुन्याची आरडी सर्व्हिस काढलीच नाही. मग जुनी सर्व्हिस ११,१०० वर बसून राहते आणि नवी ११,१०१ वर जाते. काही पोर्टलं पहिल्या उत्तरावर थांबतात. जुनी सर्व्हिस 'नॉट रेडी' म्हणते, कारण तिचं यंत्र जोडलेलंच नाही, आणि पोर्टल तिथेच हात टेकतं. जुनी सर्व्हिस पूर्ण अनइन्स्टॉल करा.

दुसऱ्या ब्राउझरवर पळण्यात अर्थ नाही. मायक्रोसॉफ्टचा एजही क्रोमच्याच मूळ कोडवर, क्रोमियमवर उभा आहे, तिथेही हीच परवानगी आहे. आणि कुणी यूट्यूबवर सांगेल की क्रोमच्या 'फ्लॅग्ज' मध्ये जाऊन ही तपासणीच बंद करा. तसं करू नका. फ्लॅग कधीही काढून घेतले जातात, आणि सगळ्या साइटसाठी दार सताड उघडं राहतं ते वेगळंच.

हा पहारा उगाच आणलेला नाही. पूर्वी कुठलंही पान गुपचूप तुमच्या राउटरच्या पत्त्यावर मागण्या पाठवू शकत होतं, आणि राउटरचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच असेल तर त्याची डीएनएस सेटिंगही (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधायची सोय) बदलू शकत होतं. जून २०२५ मध्ये संशोधकांनी उघड केलं की अँड्रॉइडवर मेटा आणि यांडेक्सची अॅप्स अशाच आतल्या पोर्टांवर कान लावून बसत आणि ब्राउझरमधल्या पानांकडून माहिती घेत. ज्या काउंटरवर लोकांचे पैसे निघतात तिथे हा पहारा असलाच पाहिजे. फक्त आपल्या पोर्टलला आत येऊ द्यायचं.

---

तासगाव_ऑनलाइन

दादा, साइट सेटिंग्जमध्ये ते 'ब्लॉक्ड' दिसत होतं. अलाउ केलं, रिलोड केलं, कॅप्चर लगेच झालं. खूप आभार! पण दुसऱ्या एका पोर्टलवर अजूनही तीच अडचण आहे. तिथे साइट सेटिंग्जमध्ये अलाउ केलेलं आहे, तरी यंत्र सापडत नाही. त्या पोर्टलमध्ये आधी आपलं लॉगिन होतं आणि मग बँकेचं पान त्याच चौकटीत आत उघडतं.

---

मिरज_हार्डवेअर

कराडवाले पोर्टलचं सांगतीलच, मी विंडोज ७ बद्दल लिहितो.

सकाळच्या त्या निरोपाचं कारण मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी. नंबर सीआर २०३२. ती संपली की लाइट गेल्यावर कॉम्प्युटर घड्याळ विसरतो आणि सुरू होताना बोर्ड तयार झाल्याच्या सालात जातो. ब्राउझर साइटच्या प्रमाणपत्राच्या (साइट खरी असल्याच्या डिजिटल दाखल्याच्या) तारखा कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळात २०११ असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून सुरूच झालेलं नाही. निरोपाखाली बारीक अक्षरात 'सर्ट डेट इनव्हॅलिड' असं असेल तर खात्रीच. बॅटरी स्वस्त असते, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते. मशीन बंद करा, प्लग काढा, जुनी बॅटरी बाजूची खिटी दाबून काढा, नवी अधिक चिन्ह वर ठेवून बसवा. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) तारीख-वेळ लावा आणि विंडोजमध्ये टाइम झोन भारताचा आहे ना ते बघा.

घड्याळाकडे यापुढे जास्तच लक्ष द्यावं लागणार आहे. साइटच्या प्रमाणपत्राची कमाल मुदत आधी ३९८ दिवस होती. ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस असं ठरलं आहे. मुदत जितकी आखूड, तितकं चुकलेलं घड्याळ लवकर अडवणार. आधारच्या कामातही तेच. ठशासोबत वेळेचा शिक्का जातो. वेळ मागे असेल तर ५६१ आणि पुढे असेल तर ५६२ नंबरची एरर येते. बरेच जण तेव्हा ठसा नीट नाही समजून म्हाताऱ्या माणसाचा अंगठा पुन्हा पुन्हा पुसून घेतात. ठसा जुळला नाही तर नंबर ३०० असतो. नंबर वाचा, मग अंगठ्याकडे बघा.

आता ब्राउझर. क्रोम १०९ ही विंडोज ७, ८ आणि ८.१ साठीची शेवटची आवृत्ती, जानेवारी २०२३ ची. फेब्रुवारीत आलेल्या ११० ला विंडोज १० लागतं. अर्धवट दिसणारी पानं यामुळेच. साइट बनवणाऱ्यांनी पानाच्या मांडणीसाठी नव्या सोयी वापरल्या, ज्या १०९ ला माहीतच नाहीत. कॅशे (ब्राउझरने साठवलेली पानं) कितीही साफ करा, फरक पडणार नाही. फायरफॉक्सची ११५ ईएसआर (जास्त काळ अपडेट मिळणारी) ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती, ती जुलै २०२३ ची, पण तिला सुरक्षेचे अपडेट मोझिलाने मुदत वाढवून वाढवून पुढे बराच काळ दिले. टाकायचीच तर ११५.१३ किंवा त्यापुढची टाका. त्याआधीच्या प्रतींमधलं मोझिलाचं मूळ प्रमाणपत्र १४ मार्च २०२५ ला संपलं, त्यामुळे त्यात अॅड-ऑन चालत नाहीत.

पण मनापासून सांगतो, ताई, त्या मशीनवर पैशाचं काम आजपासून बंद करा. अंगठ्याचं यंत्र तिथे चालतं हे त्याचं सर्टिफिकेट नव्हे. विंडोजचेच अपडेट थांबलेत, ब्राउझर कुठलाही टाका, खालची जमीन पोकळ आहे. झेरॉक्सला जोडून स्कॅन-प्रिंटपुरतं ठेवा, किंवा खर्च करायचा असेल तर २४० जीबीची एसएसडी घाला, रॅम ८ जीबी करा आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही मोफत सिस्टिम टाका. त्याला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत, नवा फायरफॉक्स सोबतच येतो. प्रोसेसर ६४ बिटचा हवा, कोअर टू ड्युओही चालतो. डिस्क बदलणं जास्त महत्त्वाचं. जुनी हार्ड डिस्क तशीच ठेवून नुसती रॅम वाढवली तर 'अजून हळूच आहे' हीच तक्रार राहते.

मिंटच्या आधी दोन गोष्टी तपासा. अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच मिळते, म्हणून ते काम काउंटर एकवरच ठेवायचं. दुसरं प्रिंटर. आपल्याकडे दुकानादुकानांत असलेला कॅनन एलबीपी २९०० लिनक्सवर फार त्रास देतो, त्याचा ड्रायव्हर जुन्या धाटणीचा आहे. एचपी १०२० चालतो, पण 'एचपी सेटअप' चालवून त्याचं प्लगइन नेटवरून उतरवावं लागतं. ते नसेल तर प्रिंटर दिसतो पण कागद ओढत नाही. मिंट पेनड्राइव्हवरून डिस्कला हात न लावता सुरू करता येतं. तसं करून आधी एक प्रिंट काढून बघा, मगच इन्स्टॉल करा.

---

सातारा_करसल्ला

डिजिटल सिग्नेचरवाल्यांनीही कराडचं उत्तर नीट वाचावं, हा प्रश्न फक्त अंगठ्याचा नाही. यूएसबी टोकनवरून सही करणारी बरीच सॉफ्टवेअरंही १२७.०.०.१ वरच बसलेली असतात आणि पोर्टल ब्राउझरमधून त्यांना हाक मारतं. सहीच्या वेळी 'सायनर चालू नाही' असं आलं तर आधी परवानगी बघा, मग टोकन.

जीएसटी पोर्टलवर सही करायच्या ईएमसायनर सॉफ्टवेअरची भानगड मात्र वेगळी आहे. तो १५८५ पोर्टवर स्वतःच बनवलेलं प्रमाणपत्र घेऊन बसतो, आणि ब्राउझर ते ओळखत नाही. नव्या टॅबमध्ये एचटीटीपीएससह १२७.०.०.१, कोलन (:) आणि १५८५ असा पत्ता टाका. धोक्याचा इशारा येईल; 'अॅडव्हान्स्ड' मध्ये जाऊन पुढे जा. मग पोर्टलचं पान रिलोड करा. हे ब्राउझरप्रोफाइलनिहाय करावं लागतं, म्हणून ऑफिसात दुसऱ्याने स्वतःच्या प्रोफाइलने लॉगिन केलं की पुन्हा तीच अडचण येते. हा धोक्याचा इशारा ओलांडायचा तो फक्त १२७.०.०.१ साठी, दुसऱ्या कुठल्याही पत्त्यासाठी नाही.

अजूनही इंटरनेट एक्सप्लोररच मागणाऱ्या जुन्या साइट आहेत. एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला, पण एजमध्ये त्याचा मोड आहे आणि मायक्रोसॉफ्टने तो किमान २०२९ पर्यंत ठेवण्याचं सांगितलंय. एजच्या सेटिंग्जमध्ये 'डिफॉल्ट ब्राउझर' ला जा, 'साइट इंटरनेट एक्सप्लोरर मोडमध्ये रिलोड करू द्या' हे 'अलाउ' करा, एज बंद करून उघडा आणि खालच्या यादीत साइटचा पूर्ण पत्ता टाका. यादीतली नोंद ३० दिवसांनी आपोआप निघून जाते. महिन्याभराने साइट अचानक 'बिघडली' की कारण बहुतेक हेच असतं.

डिजिटल सातबाऱ्याबद्दल थोडं, कारण केंद्रावर हा प्रश्न रोज येतो. सहीचा उतारा किंवा आधारची पीडीएफ क्रोममध्ये उघडली तर क्रोम सही तपासतच नाही, नुसतं चित्र दाखवतो. सही खरी आहे का हे बघायला अॅडोबी रीडरमध्ये उघडा. 'व्हॅलिडिटी अननोन' आणि पिवळं प्रश्नचिन्ह आलं म्हणजे कागद खोटा नव्हे. सही करणाऱ्याच्या प्रमाणपत्राची ओळख त्या कॉम्प्युटरला नाही, एवढाच त्याचा अर्थ. सहीवर राइट क्लिक, 'सिग्नेचर प्रॉपर्टीज', 'शो सायनर्स सर्टिफिकेट', तिथे 'ट्रस्ट' टॅब. विश्वास द्यायचा तो साखळीतल्या सगळ्यात वरच्या सीसीए इंडियाच्या (डिजिटल सह्यांच्या सरकारी नियंत्रकाच्या) प्रमाणपत्राला, म्हणजे पुढच्या सह्या आपोआप ओळखल्या जातात. मग 'व्हॅलिडेट'. हिरवी खूण आल्यावर प्रिंट काढा. काही कार्यालयांत खूण नसलेली प्रिंट परत करतात आणि शेतकऱ्याला पुन्हा हेलपाटा पडतो.

---

वाई_वेब

गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरबद्दल.

यूब्लॉक ओरिजिन क्रोममध्ये परत येणार नाही, त्यामागे लागू नका. क्रोमने एक्स्टेन्शनची जुनी पद्धत, मॅनिफेस्ट व्ही २, बंद केली. ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने, आणि क्रोम १३९ मध्ये कंपन्यांसाठी ठेवलेली पळवाटही गेली. जुन्या पद्धतीत एक्स्टेन्शन प्रत्येक मागणी स्वतः पाहून अडवू शकत होतं. नव्यात ते आधी नियमांची यादी ब्राउझरला देतं आणि अडवण्याचं काम ब्राउझर करतो. यूब्लॉक ओरिजिन लाइट या नव्या पद्धतीत चालतं आणि साध्या जाहिरातींना पुरतं.

पण तुमच्या कामाला फायरफॉक्स बरा, कारण तिथे मूळ यूब्लॉक ओरिजिन अजून पूर्ण ताकदीने चालतं. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' ला जा, 'हिस्टरी' खाली 'नेव्हर रिमेंबर हिस्टरी' निवडा. फायरफॉक्स रीस्टार्ट होईल आणि त्यानंतर कायम खाजगी पद्धतीनेच चालेल. सगळ्या खिडक्या बंद केल्या की लॉगिनं पुसली जातात. मग अॅड-ऑनच्या यादीत यूब्लॉक ओरिजिन उघडून 'रन इन प्रायव्हेट विंडोज' ला 'अलाउ' करा. बरेच जण हे विसरतात. अॅड-ऑन बसवलेलं दिसतं आणि जाहिराती तशाच येत राहतात. पासवर्ड जतन करायची विचारणाही तिथेच बंद करा.

क्रोमचा गेस्ट मोड सोपा वाटतो, पण त्यात एक्स्टेन्शन चालतच नाहीत, म्हणजे जाहिरातींचा प्रश्न होता तिथेच राहतो. इन्कॉग्निटोही पुरेसा नाही. एकाच वेळी उघडलेल्या सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या एकच लॉगिन वापरतात. मागच्या गिऱ्हाइकाची एक खिडकी खाली दडून राहिली तर पुढच्याला त्याचं जीमेल उघडं मिळतं. फायरफॉक्सच्या खाजगी पद्धतीलाही हे लागू आहे, म्हणून माणूस उठला की सगळ्या खिडक्या बंद करायच्या, एक टॅब नव्हे. आणि यातलं काहीही 'डाउनलोड्स' फोल्डर रिकामं करत नाही. तिथे लोकांची आधार, पॅन, पासबुकं पडून असतात. ते फोल्डर दिवसातून दोनदा तरी शिफ्ट-डिलीटने साफ करा.

फायरफॉक्समध्ये एखाद्या पोर्टलवर पेमेंटनंतर पान फिरून पुन्हा लॉगिनवर आलं, तर पत्त्याशेजारच्या ढालीवर क्लिक करून त्या एका साइटपुरतं 'एन्हान्स्ड ट्रॅकिंग प्रोटेक्शन' बंद करा. फायरफॉक्स एका साइटची कुकी (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली नोंद) दुसरीला दाखवत नाही, आणि काही पेमेंट पानं त्याच कुकीवर विसंबून असतात. पावती उघडत नसेल तर 'पॉप-अप' अडकलंय का बघा, पत्त्याच्या पट्टीजवळ तशी सूचना येते. पैसे पुन्हा भरायच्या आधी व्यवहाराची स्थिती तपासा.

क्यूआर कोडचं कारण पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये साठवलेली लॉगिनची किल्ली. गिऱ्हाइकाने आपल्या फोनवर पासकी तयार केलेली असते, आणि कॉम्प्युटरवर लॉगिन करताना फोन खरोखर जवळच आहे ना, याची खात्री ब्लूटूथवरून केली जाते. नुसता कॅमेऱ्याने कोड वाचून भागत नाही. कुणी लांबून कोडचा फोटो मागवून फसवू नये म्हणून ही अट आहे आणि ती चांगली आहे. तुमच्या डेस्कटॉपला ब्लूटूथ नसणार, म्हणून कोड स्कॅन होऊन पुढे काही होत नाही. यूएसबीचा ब्लूटूथ ४.० किंवा वरचा डोंगल लावा आणि गिऱ्हाइकाच्या फोनचंही ब्लूटूथ व नेट चालू करायला सांगा. डोंगल येईपर्यंत 'ट्राय अनदर वे' दाबून पासवर्डचा रस्ता. आणि लॉगिन झाल्यावर 'या कॉम्प्युटरवर पासकी तयार करू का' असं विचारलं तर नेहमी 'नॉट नाऊ'. दुकानातल्या कॉम्प्युटरवर दुसऱ्याची पासकी म्हणजे त्याच्या घराची किल्ली आपल्या गल्ल्यात.

व्हॉट्सअॅप वेबही तसंच. गिऱ्हाइकाने स्वतःचं व्हॉट्सअॅप तुमच्या मशीनला जोडलं असेल तर जाताना त्याच्याच फोनवर 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून तिथून काढायला लावा. त्यापेक्षा कागद दुकानाच्या नंबरवर मागवलेले बरे.

या मशीनचा विंडोज १० सुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर जादा मुदतीच्या अपडेटसाठी 'एनरोल' चा पर्याय आहे, आवृत्ती २२एच२ लागते. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. ती मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असेल तर तोवर थांबण्यापेक्षा सरळ ११ करा.

---

कराड_कोड

ताई, तुमच्या दुसऱ्या पोर्टलबद्दल. बँकेचं पान पोर्टलच्या चौकटीत 'आत' उघडतं म्हणालात, म्हणजे ती आयफ्रेम आहे. नव्या नियमात बाहेरच्या पानाला मिळालेली परवानगी आतल्या परक्या पत्त्याच्या पानाला आपोआप मिळत नाही. बाहेरच्या पानाच्या कोडमध्ये आयफ्रेमच्या 'अलाउ' गुणधर्मात लोकल नेटवर्क अॅक्सेसचं नाव लिहून ती पुढे द्यावी लागते. हे तुमच्या हातात नाही, पोर्टलवाल्यांच्या डेव्हलपरच्या हातात आहे. त्यांना तक्रार करताना 'अंगठा चालत नाही' एवढंच लिहू नका, नाहीतर ते पुन्हा ड्रायव्हर टाकायला सांगतील. असं लिहा: क्रोम १४२ च्या पुढे, आयफ्रेममधून १२७.०.०.१ ला जाणारी मागणी अडते, लोकल नेटवर्क अॅक्सेसची परवानगी आयफ्रेमला द्यावी. सोबत क्रोमच्या 'अबाउट' पानाचा स्क्रीनशॉट जोडा.

पत्ता एचटीटीपीएस आहे का तेही बघा. साध्या एचटीटीपीवरच्या पानाला क्रोम ही परवानगी विचारतच नाही, सरळ अडवतो. तिथे साइट सेटिंग्जमध्ये कितीही शोधलं तरी उपयोग नाही.

त्यांची दुरुस्ती येईपर्यंत एक करून बघा. आतल्या पानावर राइट क्लिक करून 'ओपन फ्रेम इन न्यू टॅब' मिळतं का? ते वेगळ्या टॅबमध्ये उघडलं आणि लॉगिन टिकलं, तर त्या पत्त्याला स्वतंत्र चौकट येईल, तिथे अलाउ करा. काही पोर्टलं असं उघडू देत नाहीत. तेव्हा थांबण्यावाचून इलाज नाही.

केंद्रात तीन-चार काउंटर असतील आणि प्रत्येकाला समजावत बसायचं नसेल, तर विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या आतल्या नोंदवहीत) क्रोमची पॉलिसी टाकून फक्त ठरावीक पोर्टलांना ही परवानगी कायमची देता येते. त्यानंतर क्रोमच्या मेनूत 'तुमची संस्था हा ब्राउझर व्यवस्थापित करते' असं दिसू लागतं, त्याने घाबरू नका. हवी असेल तर तशी फाइल बनवून इथे टाकतो, मात्र पोर्टलांचे पत्ते तुम्ही स्वतः भरायचे आणि एचटीटीपीएससकट पूर्ण भरायचे. तारांकन टाकून सगळ्यांना मोकळं करायचं नाही.

आणि जाता जाता: हल्ली ब्राउझरमध्येच एआय मदतनीस येऊ लागलेत, जे पान वाचून स्वतः बटणं दाबतात. बँक मित्राचं लॉगिन ज्या प्रोफाइलमध्ये आहे तिथे असला मदतनीस चालू ठेवू नका. पानात लपवून लिहिलेल्या सूचनांना तो मालकाच्या सूचना समजू शकतो, आणि यावर पक्का उपाय अजून कुणाकडेच नाही. पैशाच्या कामाला वेगळं प्रोफाइल करा, त्यात एकही एक्स्टेन्शन नको.

---

तासगाव_ऑनलाइन

पत्ता एचटीटीपीएसच आहे. नव्या टॅबमध्ये उघडलं, चौकट आली, अलाउ केलं, अंगठा घेतला. तक्रारही तुम्ही सांगितलेल्या शब्दांत पाठवली आहे. बॅटरी आणि डोंगल आज सांगलीहून मागवते. ती रजिस्ट्रीची फाइल टाका, दादा, काउंटरला लावते.